टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईड वाढलं की कमी झालं? हार्मोन्सचा कारभार कुणी समजावेल का

प्रश्नचिन्ह:
नमस्कार मंडळी. आधी शोधून बघितलं, या विषयावर सरळ धागा दिसला नाही म्हणून नवीन काढतेय. तर झालं असं, की गेले चार-पाच महिने सतत थकवा, केस गळतायत, वजन चढलंय, सगळ्यांना उकडत असताना मी एकटी स्वेटर घालून बसलेली, पाळीही पुढेमागे. शेवटी टेस्ट केल्या. रिपोर्टमध्ये टीएसएच १४.२ आणि त्याच्यापुढे वर तोंड केलेला जाड काळा बाण. फ्री टी-४ पुढे खाली तोंड केलेला बाण. प्रोलॅक्टिन म्हणून एक असतं, तेही मर्यादेच्या जरासं वर. घरात सगळ्यांनी रिपोर्ट हातोहात फिरवून एका सुरात 'थायरॉईड वाढलंय' असं जाहीर केलं, आणि डॉक्टर म्हणाले थायरॉईड कमी काम करतंय, ही गोळी रोज घ्या आणि सहा आठवड्यांनी परत टेस्ट करा. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं. आकडा वाढलेला आणि थायरॉईड कमी, हे कसं काय? आणि सहा आठवडे कशाला? तापाची गोळी तर तासाभरात कळते. औषधाचा सल्ला नकोय, तो डॉक्टर देतीलच, फक्त आत नक्की चाललंय काय ते कळलं तर जिवाला बरं वाटेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रातकिडा:
+१. माझी गंमत तुमच्या बरोब्बर उलटी. टीएसएच ०.०२, हात थरथरतात, छातीत धडधड, भरपूर खाऊनही वजन उतरत चाललेलं. घरचे म्हणाले 'थायरॉईड अगदीच कमी झालंय', डॉक्टर म्हणाले वाढलंय. वाचतोय.

जुना_खोडरबर:
बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय, म्हणून लिहितो. डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांचं मला विचारू नका.

प्रश्नचिन्हताई, रिपोर्टवर टीएसएच थायरॉईडच्या मथळ्याखाली छापतात तिथेच घोळ सुरू होतो. टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. ते येतं मेंदूच्या खाली लोंबणाऱ्या पिट्युटरीतून, वाटाण्याएवढी ग्रंथी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, कवटीच्या तळाला हाडाच्या एका खळग्यात बसलेली. थायरॉईड गळ्यात, श्वासनळीपुढे. आता समजा आई आतून पोराला हाक मारतेय, 'ऊठ रे'. पोरगं उठलं की आई गप्प. नाही उठलं की दुसरी हाक जरा चढ्या आवाजात, तिसरी त्याहून. टीएसएच म्हणजे ती हाक. तुमचा १४.२ हा आईचा आवाज आहे, पोरगं अजून अंथरुणातच आहे (थायरॉईड स्वतः सोडतं ते हार्मोन म्हणजे टी-४, तुमचं ते खाली आलंय ना, तेच ते). घरच्यांनी आईचा आरडाओरडा ऐकून 'पोरगं फारच जोमात कामाला लागलंय' असा निष्कर्ष काढला, बाकी काही नाही.

आणि हा आवाज सरळ हिशोबात चढत नाही बरं. टी-४ जरासं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पट उडी मारतं. म्हणून डॉक्टर आधी टीएसएच बघतात, बिघाड सगळ्यात आधी तिथे दिसतो.

आईच्याही मागे एक आजी आहे, हायपोथॅलॅमस. ती पिट्युटरीला टोचत असते, टीआरएच नावाचा तीन अमिनो आम्लांचा एवढासा रेणू सोडून. तो अख्ख्या अंगात फिरून पातळ होऊ नये म्हणून हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी यांच्यामध्ये बारीक रक्तवाहिन्यांची वेगळी वाट आहे, निरोप थेट खालच्या मजल्यावर. मग टीएसएच रक्तातून गळ्यापर्यंत जातं, थायरॉईड टी-४ आणि थोडं टी-३ सोडतं, आणि ते रक्तातून फिरत परत वर पोचून आजी आणि आई दोघींना सांगतं की झालं, आता पुरे.

रातकिडा, तुमच्याकडे बहुतेक ग्रेव्हज असणार, हे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये वर्णन केलेलं दुखणं. त्यात शरीर स्वतःच असं एक प्रतिपिंड तयार करतं जे थायरॉईडच्या दारावर टीएसएचसारखीच थाप मारतं. म्हणजे आईचा आवाज काढून बाहेरचंच कुणीतरी हाका मारतंय आणि पोरगं धावतंय. खरी आई केव्हाच गप्प झालीय, म्हणून ०.०२. बाकीचीही कारणं असतात, ते तपासणीत कळेल.

रातकिडा:
ग्रेव्हजच आहे. प्रतिपिंडांची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती पण ती कशासाठी केली ते आत्ता कळलं, दीड वर्षाने!

मधली_सुट्टी:
वाचनखूण साठवली. पण सहा आठवड्यांचं राहिलं.

जुना_खोडरबर:
हो राहिलंच. टी-४ रक्तात अगदी रेंगाळतं. आज जेवढं आहे त्याच्या निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे रोज एक गोळी घेतली तर आदल्या दिवसांची शिल्लक त्यात मिसळत जाते, पातळी चढत चढत एका जागी स्थिर व्हायला चार-पाच आठवडे जातात, आणि मग पिट्युटरीला आपला आवाज खाली आणायला अजून थोडा वेळ. दहाव्या दिवशी टेस्ट केली तर अर्धवट आकडा येईल आणि त्यावर कुणी डोस बदलला तर पुढचं सगळंच गणित बिघडेल. याउलट इन्सुलिन रक्तात पाचेक मिनिटांत निम्मं होतं, ॲड्रेनलिन त्याहूनही लवकर. सगळी हार्मोन्स एकाच घड्याळावर चालत नाहीत. साप दिसल्यावर सात दिवसांनी पळून काय उपयोग आणि अंगातली उष्णता मिनिटामिनिटाला वरखाली होऊन तरी काय मिळणार. थायरॉईड तर दोन-तीन महिने पुरेल इतका माल आधीच बनवून साठवून ठेवते, दुसरी कुठली ग्रंथी एवढी साठेबाज नाही.

कोरा_कागद:
शाळेत आम्ही पियूषिका (पिट्युटरी), अवटू (थायरॉईड), अधिवृक्क (ॲड्रीनल) असं घोकलं होतं, परीक्षेत जोड्या लावा आल्या की अवटूपुढे बिनधास्त थायरॉक्सिन लिहायचो, गळ्यात आहे की गुडघ्यात काही पत्ता नाही. एक शब्द मात्र आवडायचा, संप्रेरक. 'हार्मोन'पेक्षा कितीतरी नेमका वाटतो.

जुना_खोडरबर:
अहो 'हार्मोन'चाही अर्थ तोच की. ग्रीक क्रियापदावरून घेतलाय, हलवून सोडणे, चालना देणे असा. हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत वापरला. त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट फार झकास आहे, अवांतर होईल पण सांगतोच.

तेव्हा सगळे धरून चालले होते की शरीरातले निरोप म्हणजे मज्जातंतू, दुसरी सोयच नाही. जठरातलं आम्ल आतड्यात उतरलं की स्वादुपिंड पाचक रस सोडतं, तेही मज्जातंतूंमुळेच असं रशियाचे शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचं म्हणणं होतं, आणि त्यांचा दबदबा मोठा. स्टार्लिंग आणि विल्यम बेलिस यांनी १९०२ च्या जानेवारीत भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा घेतला, त्याचे मज्जातंतू सगळे तोडून टाकले, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या. त्यात आम्ल सोडलं. तारा तोडल्यात, निरोप जायलाच नको. तरी स्वादुपिंडातून रस टपकायला लागला! मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात वाटलं, गाळून शिरेत टोचलं, आणि परत रस. म्हणजे निरोप तारेतून जातच नव्हता, रक्तातून जात होता. त्या पदार्थाला सिक्रेटिन नाव दिलं. आणि हे दोघं एकमेकांचे मेहुणे, स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली. मेहुण्यांनी एकत्र काही धड काम केल्याचं मला आठवणारं हे एकमेव उदाहरण. (हलके घ्या.)

मधली_सुट्टी:
मेहुण्यांवर आक्षेप नोंदवते, माझा भाऊ आणि नवरा यांनी मिळून एकदा नळ दुरुस्त केलाय. गळतोय अजून, पण प्रयत्न होता.

प्रश्नचिन्ह:
हाक प्रकरण घरात वाचून दाखवलं, सासूबाई म्हणाल्या हे आधीच सांगायला काय झालं होतं. पण प्रोलॅक्टिनचं काय? ते दुधाचं हार्मोन ना? नेटवर वाचलं तर थेट मेंदूत गाठ वगैरे, रात्री झोप उडाली.

जुना_खोडरबर:
रात्री अकरानंतर नेटवर लक्षणं शोधू नयेत. आता बघा, पिट्युटरीच्या पुढच्या भागातली बाकी सगळी हार्मोन्स वरून टोचणी मिळाली की सुटतात. प्रोलॅक्टिनचं उलटं. ते आपणहून सुटायला बघत असतं आणि हायपोथॅलॅमस डोपामिन सोडून त्याला सतत दाबून ठेवतो. म्हणून पिट्युटरीचा देठ तुटला तर बाकीची हार्मोन्स खाली जातात आणि प्रोलॅक्टिन एकटं वर येतं. पण टीआरएच त्यालाही थोडं उचकवतं. तुमच्याकडे थायरॉईड उठत नाहीये म्हणून आजीने टीआरएचचा आवाज वाढवलाय, ते ओरडणं शेजारच्या प्रोलॅक्टिनवाल्या पेशींनीही ऐकलंय. आणि प्रोलॅक्टिन चढलं की ते पाळीच्या साखळीला आवर घालतं, म्हणून तारखा पुढेमागे. म्हणजे तीन वेगळे आजार धरून बसू नका, बहुधा एकाच गोष्टीची तीन तोंडं आहेत. थायरॉईड ताळ्यावर आलं की थोडं चढलेलं प्रोलॅक्टिन बहुतेकांचं आपोआप उतरतं. आकडा खूप मोठा असेल किंवा गोळी लागू पडूनही उतरला नाही तर मात्र डॉक्टर पिट्युटरीचा फोटो काढायला सांगतात, काही औषधांनीही ते चढतं, तेव्हा घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा.

चिमटीतली_राख:
मला कळत नाही लोक इतक्या गोळ्या का घेतात. माझ्या ओळखीतल्या एकीने शरीर डिटॉक्स करून हार्मोन्स बॅलन्स केले. मूळ कारण स्ट्रेस असतो, त्याने अधिवृक्क ग्रंथी थकते, ॲड्रीनल फटीग म्हणतात त्याला, आणि मग सगळंच बिघडतं.

जुना_खोडरबर:
'हार्मोन्स बॅलन्स' या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. बॅलन्स म्हणजे कुठल्या दोन गोष्टींमधला? पन्नासेक तरी हार्मोन्स आहेत, प्रत्येकाची रोजची आणि महिन्याची लय वेगळी, ॲड्रीनलमधून येणारं कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं, उठायच्या सुमारास शिखरावर असतं आणि मध्यरात्री तळाला जातं, हे असंच असायला हवं. संध्याकाळी तपासून 'अरेरे कमी आहे' म्हणणारे असतात म्हणून सांगतोय.

ॲड्रीनल फटीग असं निदान एंडोक्रायनोलॉजीत, म्हणजे हार्मोन्सच्या वैद्यकशास्त्रात, मान्य नाही. थकवा खोटा आहे असं म्हणत नाहीये, त्याचं कारण दुसरीकडे शोधा म्हणतोय. ॲड्रीनल खरोखरच निकामी होते तेव्हा काय होतं ते थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये लिहून ठेवलंय. वजन झरझर उतरतं, रक्तदाब पडतो, मीठ खावंसं वाटतं, आणि कातडी काळवंडते, तळहाताच्या रेषा, हिरड्यासुद्धा. ते का माहितीये? परत हाकच. ॲड्रीनल उत्तर देत नाही म्हणून पिट्युटरी एसीटीएचचा मारा करते. एसीटीएच ज्या मोठ्या प्रथिनातून कापून निघतं त्यातूनच कातडीला रंग चढवणारं हार्मोनही निघतं, आणि एसीटीएच स्वतःही ते काम थोडंफार करतं. म्हणजे हाक इतकी मोठी झाली की कातडीला ऐकू गेली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हा आजार होता, आयुष्यभर स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होते.

चिमटीतली_राख:
असेल. पण स्टिरॉइड वाईटच.

साखरझोप:
वाईट की चांगलं सोडा, पण एक सांगते, स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करू नका कुणी, प्लीज. माझ्या भावाला सांध्यांच्या दुखण्यासाठी सात-आठ महिने प्रेडनिसोलोन चालू होतं. तोंड सुजलं, लोक हसायला लागले, म्हणून त्याने एक दिवस पाकीटच फेकून दिलं आणि कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी पलंगावरून उठला आणि तिथेच खाली बसला, बीपी ८० च्या खाली. आम्हाला वाटलं पोट बिघडलंय, सलाईन लावून घरी आणू. तिथल्या ज्युनियर डॉक्टर मुलीने एकच प्रश्न विचारला, 'कुठली गोळी नुकतीच बंद केलीय का?' आणि तो गप्पच. शेवटी मी घरी फोन करून कपाटात पाकीट शोधायला लावलं. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिल्यावर काही तासांत माणूस बोलायला लागला. तेव्हा फक्त जीव वाचला एवढंच कळलं होतं, कारण आज या धाग्यावर कळतंय.

जुना_खोडरबर:
अगदी हेच. बाहेरून कॉर्टिसॉलसारखं औषध रोज येतंय म्हटल्यावर पिट्युटरी म्हणते घरात मुबलक आहे, हाक कशाला मारू. महिनोन् महिने हाक नाही म्हणून ॲड्रीनलचा बाहेरचा भाग सुकत जातो. मग एका दिवसात बाहेरचा पुरवठा तोडला तर आत उठायलाच कुणी नसतं, आणि जागं व्हायला आठवडे, कधी कधी महिने लागतात. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा असतो. त्या ज्युनियर डॉक्टरला माझा नमस्कार सांगा.

साखरझोप:
आता माझा प्रश्न. मला टाइप २ डायबिटीस आहे. रात्री आठला जेवते, त्यानंतर पाणी सोडून काही नाही. झोपताना मशीनवर १२८ आणि सकाळी उठल्याबरोबर १५६! रात्रभर न खाता साखर आली कुठून? घरातले माझ्याकडे संशयाने बघतात, फ्रीजला कुलूप लावायचं बाकी आहे.

जुना_खोडरबर:
तुम्ही निर्दोष आहात, चोर यकृत आहे.

आधी एक हिशोब बघा. अंगात पाचेक लिटर रक्त, शंभर मिलीला १०० मिलीग्रॅम साखर, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर किती? पाच ग्रॅम. एक छोटा चमचा. एका जेवणातून त्याच्या दहापट साखर आत येते आणि तरी निरोगी माणसात हा चमचा धड सव्वा-दीड चमचाही होत नाही, आणि दिवसभर उपाशी राहिलं तरी रिकामा होत नाही. हे सांभाळतात स्वादुपिंडात विखुरलेली पेशींची बेटं, पॉल लँगरहान्स यांनी विद्यार्थी असताना १८६९ मध्ये पाहिलेली. दहा लाखांच्या आसपास बेटं, पण सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन. इन्सुलिन स्नायू आणि चरबीच्या पेशींची दारं उघडतं आणि यकृताला सांगतं की साठव, बाहेर सोडू नकोस. ग्लुकागॉन नेमकं उलटं सांगतं.

साखर उतरवणारं मुख्य हार्मोन एकच, इन्सुलिन. चढवणारी चार, ग्लुकागॉन, ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन. मेंदूला साखर कमी पडली तर माणूस मिनिटांत बेशुद्ध होतो, जास्त झाली तर वर्षानुवर्षं नासधूस होते पण आज तर जगतो, म्हणून बंदोबस्त सगळा एकाच बाजूला. पहाटे ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल तुम्हाला उठवायची तयारी करतात, यकृत साखर सोडतं. निरोगी माणूस तेवढंच इन्सुलिन वाढवून ती जिरवतो. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, सुरुवातीला तर नेहमीपेक्षा जास्तच, पण पेशींना ऐकू कमी येतं. आत्तापर्यंत आपण न उठणारं पोरगं बघितलं, इथे घरभर बहिरेपणा आहे आणि ओरडून ओरडून बीटा पेशी थकत जातात. टाइप १ मध्ये ओरडणाराच मारला जातो, शरीराची संरक्षण यंत्रणाच बीटा पेशी संपवते. सकाळचा आकडा डॉक्टरांना दाखवा, रात्रीच्या औषधाचंही बघतील.

कोरा_कागद:
टाइप १ वरून आठवलं, १९२२ पर्यंत या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं एवढाच उपाय होता. टोरंटोला लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ११ जानेवारी १९२२ ला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून काढलेला अर्क. ते जवळपास फसलं, टोचल्या जागी गळू झालं. मग त्यांचे सहकारी कॉलिप यांनी अर्क आणखी शुद्ध केला, २३ तारखेला परत दिलं आणि साखर उतरली. मधल्या बारा दिवसांत त्या पोराच्या आईबापांचं काय झालं असेल याचा विचार करतो कधी कधी.

बिनधास्त_मावशी:
उशिरा आले धाग्यावर. माझं थायरॉईड गाठीमुळे पूर्ण काढलं. ऑपरेशन झालं, घसा दुखतोय पण ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठांभोवती मुंग्या, मग बोटांच्या टोकांना. मला वाटलं भुलीचा असर. नर्स बीपी घ्यायला आली, पट्टा गुंडाळून हवा भरली आणि थोडा वेळ तशीच ठेवली तर माझा हात आपोआप वळायला लागला, मनगट खाली, बोटं सरळ ताठ एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत तळव्याकडे. मी सरळ करू बघते तर होईना. दुखत होतं आणि भीती अशी वाटली की हा हात माझा नाहीच. नर्सने पट्टा सोडला आणि पळतच डॉक्टरला आणलं, शिरेतून कॅल्शियम सुरू केलं, हळूहळू बोटं सैल पडली. तेव्हा सांगितलं की थायरॉईडच्या मागे अजून चार ग्रंथी असतात. मी म्हटलं, मागे अजून चार? आधी कुणी बोललं नाही ते!

जुना_खोडरबर:
मावशी, तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की मी वर्गात वाचून दाखवलं असतं. त्या पॅराथायरॉईड, तांदळाच्या दाण्याएवढ्या. नावात थायरॉईड आहे ते फक्त शेजारामुळे, कामाचा काही संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम शंभर मिलीला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलीग्रॅमच्या पट्ट्यात ठेवणं हे त्यांचं काम. कमी झालं की पीटीएच सोडतात, ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला सांगतं वाया घालवू नको, आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातून जास्त शोषायला लावतं. कॅल्शियम घसरलं की मज्जातंतू उगाचच पेटायला लागतात, त्याच्या मुंग्या आणि तो वळलेला हात. ऑपरेशनमध्ये या ग्रंथींना धक्का लागला किंवा रक्तपुरवठा कमी झाला की काही दिवस त्या गप्प बसतात, बऱ्याचदा परत जाग्या होतात.

या ग्रंथी पहिल्यांदा सापडल्या एका गेंड्यात, खोटं नाही सांगत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना दिसल्या. माणसातल्या मग १८८० मध्ये स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी शोधल्या, तेव्हा ते अजून विद्यार्थी होते.

रातकिडा:
चार-चार ग्रंथी गळ्यात आणि आम्हाला पत्ता नाही.

मधली_सुट्टी:
मावशींसारखा माझाही हात वळेल की काय या भीतीने बोटं ताणून बघितली. बरं, ऑक्सिटोसिन बद्दल कुणीच नाही बोललं. प्रेमाचं हार्मोन म्हणतात ते.

जुना_खोडरबर:
प्रेमाचं वगैरे मासिकवाल्यांनी केलंय. पिट्युटरीचा मागचा भाग ऑक्सिटोसिन बनवतो, प्रसूतीत गर्भाशय आकुंचन पावतं ते त्याने, आणि इथे हाकेचा नियम उलटा होतो. बाळाचं डोकं खाली दाबलं जातं, म्हणून ऑक्सिटोसिन सुटतं, म्हणून कळ येते, म्हणून डोकं अजून दाबतं, म्हणून अजून सुटतं. पोरगं उठल्यावर आई अजून जोरात ओरडतेय. बाळ बाहेर आल्यावरच ते थांबतं.

कळ_फलक:
सर, छोटी दुरुस्ती. ऑक्सिटोसिन मागच्या पिट्युटरीत बनत नाही, हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि लांब तंतूंमधून खाली येऊन तिथे साठतं. लघवी आवरणारं एडीएचही तसंच. मी लॅबमध्ये काम करते, एवढं एकच पाठ आहे त्यामुळे सांगण्याचा मोह आवरला नाही.

जुना_खोडरबर:
बरोबर, साफ चुकलो. तो भाग गोदाम आहे, कारखाना नव्हे. परीक्षेत मी याचा अर्धा मार्क कापायचो.

कळ_फलक:
लॅबवरून आणखी एक, प्रश्नचिन्हताईंसाठी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि सांगा. बऱ्याच मशीनच्या चाचण्या बायोटिनच्या चिकटण्यावर चालतात, रक्तात बायोटिन जास्त असेल तर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसू शकतं. माणूस ठणठणीत आणि कागदावर ग्रेव्हज. आमच्याकडे केस गळतात म्हणून थायरॉईड तपासायला येणारे निम्मे लोक बायोटिन घेऊनच येतात, हा माझा अंदाज हं, मोजलेलं नाही.

प्रश्नचिन्ह:
बाप रे, मी तीन आठवड्यांपासून घेतेय!! म्हणजे माझा आधीचा रिपोर्ट?

कळ_फलक:
तो बायोटिनच्या आधीचा ना, मग ठीक. पुढच्या वेळी लक्षात ठेवा. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, खायच्या अर्धा-पाऊण तास आधी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर ती पोटातच अडकून बसते.

साखरझोप:
टीएसएच एकट्याने सगळं कळतं का? आमच्याकडे फक्त तेवढंच करून आणतात.

जुना_खोडरबर:
बहुतेक वेळा पुरतं, पण आईच आजारी असेल तर? पिट्युटरीला गाठ, मार किंवा प्रसूतीतला मोठा रक्तस्राव, अशाने तिचाच आवाज बसला, तर टी-४ तळाला गेलेलं असतं आणि टीएसएच मात्र नॉर्मल नाहीतर कमी. फक्त टीएसएच केलं तर बऱ्याचदा बाण कुठेच नाही, कागद स्वच्छ, आणि माणूस गारठलेला. म्हणून लक्षणं जोरदार असतील तर हाकही बघायची आणि पोरगं उठलंय का तेही.

प्रश्नचिन्ह:
मंडळी, सात आठवड्यांनी परत आलेय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व. बायोटिन आठवडाभर आधीच बंद केलं होतं. टीएसएच ३.४, टी-४ मधोमध, प्रोलॅक्टिनही मर्यादेत. स्वेटर कपाटात गेला. केस अजून गळतायत, डॉक्टर म्हणाले त्याला अजून काही महिने लागतील. घरी रिपोर्ट परत सगळ्यांच्या हातातून फिरला. एकट्या सासूबाईंनी टी-४ चा आकडा बोट ठेवून वाचला, बाकीचे म्हणाले 'चला, थायरॉईड कमी झालं एकदाचं'. मी हो म्हटलं.